मोरशिखेच्या नावामागचा जर्मन माणूस

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात माहीत नसलेला माणूस शोधावा लागेल. परभणीकर ती अभिमानानं म्हणतात आणि शेजारच्या जिल्ह्यांतले लोक तीच म्हण चिमटा काढायला वापरतात. म्हण कुठून आली यावर चहाच्या टपरीवर तासभर गप्पा रंगू शकतात. पण जर्मनी आणि मराठवाड्याच्या मातीचा, खरं तर दगडाचा, एक जुना संबंध आहे. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण तो जेमतेम वीतभर उंचीचा आहे आणि दगडाच्या फटीत उगवतो.

त्याचं नाव मोरशिखा. कुणी मयूरशिखा म्हणतं.

तुम्ही ती पाहिली असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त ओळखली नसेल. जुन्या गढीची भिंत, देवळाचा चौथरा, विहिरीच्या पायऱ्या, डोंगरातली कपार अशा ठिकाणी पावसाळ्यात हिरवे छोटे पंखे उघडलेले दिसतात. एका बारीक देठाच्या टोकाला पान, आणि ते पान दोन-दोन फाटे फुटत उलगडलेलं. लांबून पाहिलं तर ताडाचं झाड कुणीतरी आकसून बोटभर केलंय असं वाटतं, आणि जवळून पाहिलं तर मोराच्या डोक्यावरचा तुरा. मराठी माणसानं दुसरी उपमा उचलली. संस्कृतात शिखा म्हणजे तुरा किंवा शेंडी, त्यावरून मोरशिखा.

ही फुलझाड नाही. हा नेचा आहे, इंग्रजीत ज्याला फर्न म्हणतात तो. नेचे म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर, आंबोली, धुकं, ओढे असलं काहीतरी आठवतं. परभणी आठवत नाही. मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो, काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथं नेच्याचं काय काम? पण मोरशिखा याच प्रदेशासाठी घडलेली आहे. उन्हाळ्यात तिची पानं आत वळतात, तपकिरी होतात, मेल्यासारखी दिसतात. हात लावला तर कागदासारखी कुरकुरतात. पाऊस पडला की तीच पानं पाणी शोषून पुन्हा उघडतात आणि हिरवी होतात. अशा वनस्पती जगात फार थोड्या आहेत. बहुतेक झाडांच्या पेशी इतक्या कोरड्या पडल्या की परत जिवंत होत नाहीत.

जिंतूरच्या बाजूचे बेसॉल्टचे डोंगर, चारठाण्याची जुनी मंदिरं, सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल फिरत खाली उतरणारी बारव. या नेच्याला जशी जागा लागते तशी जागा परभणी जिल्ह्यात भरपूर आहे. दगड, थोडी सावली, फटीत साठलेली चिमूटभर माती. एवढ्यावर त्याचा संसार चालतो.

आता जर्मनीकडे.

नावाच्या शेपटात काय असतं?

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मोरशिखेचं नाव असं दिलेलं असतं: ‘ॲक्टिनिओप्टेरिस रेडिएटा’, मग कंसात ‘जे. क्योनिग एक्स स्वार्ट्झ’, आणि कंसाबाहेर ‘लिंक’. परीक्षेपुरतं वाचणारे विद्यार्थी पहिले दोन शब्द पाठ करतात आणि शेपूट सोडून देतात. गोष्ट मात्र शेपटातच आहे.

पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा जातीचा, म्हणजे बारशाच्या नावासारखा. (आपल्याकडे क्रम उलटा असतो, एवढाच फरक.) त्यानंतर येतात ते या वनस्पतीला नाव देणारे लोक. कंसातली माणसं पहिल्यांदा नाव देणारी. कंसाबाहेरचा माणूस नंतर येऊन ‘हिचं घराणं चुकलंय, हिला वेगळ्या घरात ठेवा’ असं म्हणणारा. आणि मधला ‘एक्स’ हा शब्द सांगतो की नाव एकानं सुचवलं होतं, पण रीतसर छापलं दुसऱ्यानं.

म्हणजे या एका शेपटात तीन माणसं आहेत. एक भारतात राहून गेला आणि भारतातच मेला. एक स्वीडनचा. आणि तिसरा लिंक, बर्लिनचा. तो मराठवाड्यात कधी आला नाही, पण मोरशिखेचं आजचं आडनाव त्यानंच दिलं.

कढीपत्त्यातला क्योनिग

योहान गेरहार्ड क्योनिग १७२८ साली बाल्टिक समुद्राकाठच्या जर्मन भाषिक मुलखात जन्मला. पेशानं वैद्य. सगळ्या सजीवांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसच्या हाताखाली तो शिकला. त्यानंतर डेन्मार्कच्या कामासाठी आइसलँडलाही जाऊन आला. मग १७६०च्या दशकाच्या अखेरीस त्याची बोट तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला लागली.

तरंगंबाडी तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यातलं बंदर होतं आणि त्याला लागून होतं तंजावरच्या मराठ्यांचं राज्य. तिथल्या मिशनमध्ये वैद्य म्हणून क्योनिग आला, पण लक्ष सगळं झाडांवर. पगार पुरेना म्हणून त्यानं अर्काटच्या नवाबाची नोकरी धरली, पुढं ईस्ट इंडिया कंपनीची. सयाम आणि मलाक्क्यापर्यंत फिरून आला. लिनिअसची पद्धत भारतातल्या झाडांना लावून पाहणारा तो पहिल्या काही लोकांपैकी एक. झाड वाळवायचं, कागदावर चिकटवायचं, वर्णन लिहायचं आणि युरोपातल्या ओळखीच्या अभ्यासकांना पाठवायचं, हा त्याचा दिनक्रम.

१७८५ साली आंध्रच्या किनाऱ्यावर, आजच्या काकिनाड्याजवळ हगवणीनं त्याचा मृत्यू झाला. कागदपत्रं त्यानं लंडनच्या जोसेफ बँक्सच्या नावे ठेवली. स्वतःचं मोठं पुस्तक काढायला वेळच मिळाला नाही, म्हणून त्याच्या नावामागे ‘एक्स’ लागतो. तो शोधायचा, छापायचे दुसरे.

तरीही क्योनिग रोज आपल्या स्वयंपाकघरात असतो. कढीपत्त्याचं शास्त्रीय नाव ‘मुराया कोएनिगी’, हल्ली ‘बर्गेरा कोएनिगी’ असंही लिहितात. त्यातला कोएनिगी म्हणजे हाच क्योनिग. फोडणीत कढीपत्ता टाकताना एका जर्मन वैद्याची आठवण काढणारं कुणी नसेल, पण नाव तिथं आहे.

नेच्यांमधला त्या काळचा मोठा जाणकार होता स्वीडनचा ओलोफ स्वार्ट्झ. क्योनिगनं सुचवलेलं ‘रेडिएटा’ हे नाव त्यानं १९व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला छापलं. पण त्यानं मोरशिखेला ‘ॲस्प्लेनिअम’ नावाच्या एका भल्यामोठ्या प्रजातीत टाकलं. तेव्हा नेच्यांची वर्गवारी मुख्यतः पानाच्या मागच्या बाजूवरून व्हायची. नेच्यांना फूल नसतं, फळ नसतं, बी नसतं. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके किंवा रेघा असतात आणि त्यात धुळीसारखे बीजाणू. ॲस्प्लेनिअममध्ये या रेघा लांबट असतात, मोरशिखेतही लांबट दिसतात. म्हणून दोघी एका घरात. वरवर पाहता बरोबर वाटेल असाच हा निर्णय होता.

दगडावरच्या झाडांपासून सुरुवात

योहान हाइनरिश फ्रीडरिश लिंक २ फेब्रुवारी १७६७ रोजी जर्मनीतल्या हिल्डेसहाइम गावात जन्मला. वडील धर्मोपदेशक, पण घरात निसर्गातल्या वस्तू गोळा करण्याचा नाद. पोरालाही तो लागला. गटिंगेनच्या विद्यापीठात तो वैद्यक शिकायला गेला आणि १७८९ साली डॉक्टर झाला. त्याचा प्रबंध मात्र रोग्यांवर नव्हता. गटिंगेनच्या आसपास खडकाळ जागी वाढणाऱ्या वनस्पती, हा त्याचा विषय. पुढं ज्याच्या हातून दख्खनच्या खडकावरच्या नेच्याला आडनाव मिळणार होतं त्यानं सुरुवातही खडकापासून केली, हा निव्वळ योगायोग, पण छान योगायोग आहे.

१७९२ साली रोस्टॉकला तो प्राध्यापक झाला, आणि शिकवायचं काय तर रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र. आज तीन वेगळे विभाग लागतील. लिंकला ते अवघड वाटलं नसावं, कारण आयुष्यभर त्यानं एका विषयात स्वतःला कोंडून घेतलं नाही. १७९७ मध्ये एका सरदाराबरोबर, काउंट होफमानझेगबरोबर, तो पोर्तुगालला गेला. दोन वर्षं ते झाडं पाहत हिंडले. या प्रवासानं त्याचा निकाल लावला: यापुढं मुख्य काम वनस्पतींचंच.

त्यानंतर त्यानं केलेल्या दोन गोष्टी नेच्यांशी संबंधित नाहीत, पण सोडून पुढं जाता येत नाही.

पहिली गोष्ट पेशींची. त्या काळी वाटायचं की वनस्पतीच्या पेशी म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या, शेजारच्या दोन खोल्यांना एकच सामाईक भिंत. लिंक आणि त्याचा समकालीन कार्ल रुडॉल्फी यांनी दाखवलं की प्रत्येक पेशीला स्वतःची वेगळी भिंत असते. म्हणजे पेशी हे स्वतंत्र एकक आहे. शाळेच्या पुस्तकात आज हे एका ओळीत येतं. तेव्हा त्यासाठी गटिंगेनच्या विज्ञान संस्थेनं दोघांना बक्षीस दिलं होतं.

दुसरी गोष्ट आणखी ओळखीची. १८०९ साली लिंकनं एका बुरशीला नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिची टोकं छोट्या ब्रशसारखी दिसत होती. लॅटिनमध्ये छोट्या ब्रशला जो शब्द आहे त्यावरून त्यानं नाव ठेवलं पेनिसिलिअम. तब्बल ११९ वर्षांनी, १९२८ मध्ये, लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या काचेच्या बशीत याच प्रजातीची एक बुरशी उगवली आणि त्यातून पेनिसिलिन आलं. औषधाचं नाव बुरशीवरून, बुरशीचं नाव लिंककडून. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत पेनिसिलिनच्या इंजेक्शननं वाचलेली कितीतरी माणसं घरोघरी सापडतील. त्यांनी लिंक हे नाव ऐकलेलं नसणार.

बर्लिनचं काचघर

१८११ मध्ये लिंक ब्रेस्लाऊला गेला आणि १८१५ मध्ये बर्लिनला. विल्डेनोव या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर रिकामी झालेली जागा त्याला मिळाली: विद्यापीठात प्राध्यापक आणि राजाच्या वनस्पती उद्यानाचा संचालक. ही बाग तेव्हा शहराबाहेर श्योनेबर्ग गावाजवळ होती. आज तिथं क्लाइस्टपार्क नावाचं सार्वजनिक उद्यान आहे. लिंक या पदावर मरेपर्यंत राहिला, म्हणजे जवळपास ३५ वर्षं.

त्या काळच्या वनस्पती उद्यानाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ते संध्याकाळी फिरायला जायचं ठिकाण नव्हतं. जगभरातून बिया, कंद, कलमं आणि वाळवलेले नमुने तिथं येत. ते लावायचे, जगवायचे, ओळखायचे, नाव नसेल तर नाव द्यायचं आणि दरवर्षी यादी छापायची. आजच्या भाषेत सांगायचं तर जगाच्या हिरवाईचा डेटाबेस. बागेचा मुख्य माळी फ्रीडरिश ओटो याच्या जोडीनं लिंकनं अनेक नवी झाडं जगापुढं आणली. गोल घागरीसारख्या निवडुंगाची ‘एकिनोकॅक्टस’ ही प्रजाती या जोडीनंच नोंदवली. नर्सरीत तो निवडुंग हल्ली चांगल्या किमतीला विकला जातो.

नेच्यांना अशा बागेत खास फायदा होता. बी लांबच्या प्रवासात कुजते, रोप मरतं. पण नेच्याचे बीजाणू म्हणजे बारीक भुकटी. कागदाच्या पुडीत घालून कुठंही न्या, नशीब असेल तर उगवतात. काचघरात ऊब आणि दमटपणा दिला की उष्ण देशातले नेचे थंड बर्लिनमध्ये वाढू लागले. त्यामुळे लिंक आणि त्याचे समकालीन वाळलेल्या तुकड्यांवर अवलंबून राहिले नाहीत. कितीतरी नेच्यांची जिवंत वाढ त्यांच्या डोळ्यांसमोर झाली.

१८३३ च्या सुमारास लिंकनं नेच्यांच्या नव्या प्रजाती मांडायला सुरुवात केली. ओढ्याकाठी वाढणाऱ्या काही नेच्यांना आपण आजही ज्या ‘सायक्लोसोरस’ नावानं ओळखतो ते नाव त्याचंच. ज्याच्या पानाची पाठ पिठानं माखल्यासारखी दिसते तो ‘पिटिरोग्रामा’ही त्याचाच. मग १८४१ मध्ये त्यानं बर्लिनच्या राजेशाही बागेत वाढवलेल्या नेच्यांवर लॅटिन पुस्तक काढलं. लिंक तेव्हा ७४ वर्षांचा होता. याच पुस्तकात मोरशिखेचं नवं आडनाव पहिल्यांदा छापलं गेलं: ॲक्टिनिओप्टेरिस.

ग्रीक भाषेत ‘अक्टिस’ म्हणजे किरण आणि ‘प्टेरिस’ म्हणजे नेचा. पुढचं ‘रेडिएटा’ लॅटिन, त्याचाही अर्थ किरणांसारखं पसरलेलं. म्हणजे पूर्ण नाव झालं ‘किरणांचा नेचा, किरणवाला’. एकच गोष्ट दोनदा. शास्त्रज्ञांच्या कल्पकतेबद्दल फार आदर बाळगायचं कारण नाही. मोराचा तुरा त्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

पण लिंकचा निर्णय बरोबर होता. मोरशिखेच्या पानाची प्रत्येक काडी इतकी अरुंद असते की बीजाणूंच्या रेघा तिच्या दोन्ही काठांना लागून जातात, आणि पानाचा काठच दुमडून त्या रेघांवर पांघरुणासारखा येतो. ॲस्प्लेनिअममध्ये पांघरूण असतं, पण ते वेगळं पातळ पापुद्र्याचं, पानाच्या काठाची घडी नव्हे. दिसायला सारखी रेघ, पण घडण निराळी. आजच्या जनुकीय अभ्यासांतही मोरशिखा ॲस्प्लेनिअमपासून लांबच, ‘टेरिडेसी’ या दुसऱ्याच कुळात पडते. विहिरीत दिसणारा हंसराज याच कुळातला. लिंककडे डीएनए नव्हता, भिंग होतं.

जे लिंकलाही फार उशिरापर्यंत कळलं नाही

इथं एक मजेशीर गोष्ट आहे. नेच्यांना नावं देणाऱ्या या लोकांना नेच्यांची पोरं कशी होतात हेच धड माहीत नव्हतं.

युरोपात जुनी समजूत होती की नेच्यालाही बी असणार, पण ते अदृश्य असणार. आणि ज्याच्या हाती ते लागेल तो माणूसही अदृश्य होईल. उन्हाळ्यातल्या एका ठराविक रात्री लोक ते शोधायला रानात जात. शास्त्रज्ञांनी अदृश्य होण्याचा नाद सोडला होता, पण कोडं तसंच होतं. पानामागची भुकटी पेरली की नेचा उगवतो हे दिसत होतं. मग नर कुठं, मादी कुठं?

लिंकच्याच काळातला, हाले विद्यापीठातला गेओर्ग फ्रीडरिश काउलफुस हा नेच्यांचा आणखी एक खंदा अभ्यासक. कवी आणि निसर्गअभ्यासक शामिसो याने रशियन जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करताना गोळा केलेले नेचे काउलफुसनं १८२४ साली पुस्तकात मांडले. आपल्या सह्याद्रीतला पांढऱ्या पाठीचा रुपेरी नेचा, ज्याचं पान हातावर दाबलं की पांढरा छाप उठतो आणि शाळेच्या सहलीतली पोरं तो गालावर उठवतात, तो कितीतरी वर्षं आपल्या पुस्तकांत ‘चायलँथिस फॅरिनोसा काउलफुस’ म्हणूनच नोंदला जात होता. १८२७ मध्ये काउलफुसनं एक वेगळं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं एका नेच्याची भुकटी पेरून तो टप्प्याटप्प्यानं कसा वाढतो हे दाखवलं. मूळ प्रश्न सुटण्याआधीच, १८३० साली, वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला.

उत्तर १८४०च्या दशकात तुकड्यातुकड्यांनी पुढं येत गेलं आणि पूर्ण चित्र मांडलं विल्हेल्म होफमाइस्टरनं. हा लाइपझिगचा, घरचा धंदा संगीताची पुस्तकं छापायचा आणि विकायचा. वनस्पतिशास्त्राची पदवी नाही. पहाटे उठून सूक्ष्मदर्शकाखाली काम करायचं आणि मग दुकान. त्याचं पुस्तक १८५१ साली आलं. लिंक त्याच वर्षी, १ जानेवारीला, बर्लिनमध्ये गेला होता.

होफमाइस्टरनं सांगितलं ते थोडक्यात असं. भुकटीतून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाएवढी किंवा त्याहून लहान, पातळ हिरवी पाकळी उगवते, बऱ्याचदा बदामाच्या आकाराची. तिच्या खालच्या बाजूला नर आणि मादी अवयव असतात. नर पेशी पाण्यातून पोहत मादीपर्यंत जाते, आणि त्यातून आपल्याला दिसतो तो नेचा जन्मतो. म्हणजे एकाआड एक दोन वेगळ्या पिढ्या. एक आपण पाहतो, दुसरी कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता हे सगळं परभणीच्या उन्हात ठेवून बघा. मोठी मोरशिखा कोरडी पडून जगते हे खरं, पण नवी मोरशिखा जन्मायला नर पेशीला पोहता येईल एवढं पाणी लागतंच. थेंबभर पुरतं, पण हवंच. म्हणून उघड्या माळापेक्षा दगडाची सावलीतली फट, पाझरणारी भिंत, विहिरीची आतली बाजू तिला मानवते. बारवा माणसांनी पाण्यासाठी बांधल्या, पण त्यांच्या दगडी सांध्यांत नेच्यांचीही सोय झाली.

सरहद्दीपलीकडची परभणी

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजची स्थापना जर्मन येशूसंघी पाद्र्यांनी १८६९ साली केली. याच परंपरेत १९०३ मध्ये एथेलबर्ट ब्लॅटर हा तरुण तिथं आला. तो जर्मन भाषिक, पण स्वित्झर्लंडचा. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं जर्मन पाद्र्यांना शत्रू ठरवून नजरकैदेत टाकलं आणि परत पाठवलं. स्विस असल्यामुळे ब्लॅटरला काम करता आलं, पुढं तो कॉलेजचा प्राचार्यही झाला. प्राध्यापक द आल्मेडा यांच्यासोबत त्यानं १९२२ साली ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक काढलं. पश्चिम भारतातल्या नेच्यांवर काम करणाऱ्या कुणालाही आजही ते चाळावं लागतं. ब्लॅटर १९३४ मध्ये पुण्यात वारला. कॉलेजमधला वनस्पतिसंग्रह आज त्याच्याच नावानं ओळखला जातो.

पण पुस्तकाच्या नावातलं ‘बॉम्बे’ म्हणजे मुंबई इलाखा. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मराठवाड्यातली झाडंपेरं त्यामुळे मुंबई इलाख्याच्या जाड ग्रंथांच्या हद्दीबाहेर राहिली. नेच्याला सरहद्द कळत नाही, पण अनुदानाला आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठाला कळते. मराठवाड्याच्या फुलझाडांचा मोठा ग्रंथ १९९८ मध्ये वि. ना. नाईक यांच्या हातून आला, तोही फुलझाडांचाच. कोरड्या मुलखातले नेचे कायम कुणाच्या तरी परिशिष्टात राहिले.

मग नावाचा उपयोग काय?

मयूरशिखा हे नाव आयुर्वेदात आहे आणि काष्ठौषधींच्या दुकानातही. अडचण अशी की या एका नावाखाली वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. कुठं हा नेचा, कुठं हंसराजाच्या घराण्यातला दुसराच नेचा, तर कुठं चक्क कोंबड्याच्या तुऱ्यासारखं लाल फूल येणारा कोंबडा. तुरा सगळ्यांनाच आहे, त्यामुळे नाव कुणालाही चिकटतं. वाळवून, कुटून पुडीत भरल्यावर तर ओळख आणखी अवघड. जुन्या औषधी ग्रंथांत आपला नेचा ‘ॲक्टिनिओप्टेरिस डायकोटोमा’ या नावानंही येतो, म्हणजे शास्त्रीय नावांचाही गोंधळ काही कमी नाही. पण तिथं निदान माग काढता येतो. कुणी, कधी, कुठल्या पुस्तकात, काय पाहून नाव दिलं, हे त्या शेपटावरून शोधता येतं. ‘मयूरशिखा चूर्ण’ लिहिलेल्या पुडीवरून ते शोधता येत नाही. त्यामुळे कुणी मोबाइलवर मोरशिखेचा फोटो आणि खाली रोगांची लांबलचक यादी पाठवली, तर आधी एवढंच विचारावं: नेमकी कुठली?

हा माग काढणंही दर वेळी सोपं नसतं. १ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवर झालेल्या बाँबहल्ल्यात, शहराच्या दुसऱ्या भागात हलवलेल्या वनस्पती उद्यानाचा संग्रह जळाला. लाखो वाळवलेले नमुने गेले. काही भाग वाचला, विल्डेनोवचा जुना संग्रह त्यात होता. पण लिंक ज्या संस्थेत आयुष्यभर राबला तिच्या कपाटांतला बहुतांश कागद एका रात्रीत राख झाला. छापलेली पुस्तकं राहिली, आणि झाडं राहिली ती आपापल्या जागी.

ती जागाही आता बदलते आहे. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात बारवा साफ करण्याची चांगली लाट आली आहे. वर्षानुवर्षांचा गाळ, प्लास्टिक, काटेरी झुडपं गावकरी स्वतः काढतात, दिवे लावतात, फोटो टाकतात. या उत्साहात भिंतीवरचं हिरवं दिसेल ते खरवडून टाकलं जातं. पिंपळ, वड, उंबर काढायलाच हवेत. त्यांची मुळं जाड होत जातात आणि दगडाचे सांधे उकलतात. मोरशिखेचं तसं नाही. तिला लाकूड धरणारं मूळ नसतं, आखूड खोडाला केसांसारखी बारीक मुळं असतात आणि ती फटीतल्या मातीपुरतीच राहतात. तिनं दगड हलत नाही. आणि उन्हाळ्यात साफसफाई करताना ती वाळलेल्या गवताच्या झुपक्यासारखी दिसते, तिथंच लोकांचा घोळ होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. सुकलेल्या झुपक्यावर ओंजळभर पाणी टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. गवत असेल तर ते ओलं गवतच राहतं. मोरशिखा असेल तर वळलेल्या काड्या सुटू लागतात आणि पंखा उघडायला लागतो. मग पान न तोडता, हलकेच उलटं करून पाहायचं. काडीच्या दोन्ही काठांना दुमडलेली घडी आणि तिच्या आत तपकिरी रेघ दिसली, की लिंकनं १८४१ मध्ये तिला वेगळं घर दिलं ते कशाच्या जोरावर हेही दिसतं.